समुद्रापारची बातमी आणि नामदार गोखले

१९ फेब्रुवारी हा महाराष्ट्रात शिवजयंतीचा दिवस. परतूरच्या रस्त्यांवर त्या दिवशी भगव्या पताका लागतात, शाळांतून पोवाडे होतात, आणि ते उचितच आहे. त्याच तारखेला, १९१५ साली, पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. याचे स्मरण मात्र क्वचितच कोणाला होते. शालेय पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. ते नेमस्तांचे पुढारी होते आणि गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. त्यातून आपला हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात. पुण्यातल्या सभा-संस्थांच्या राजकारणाचे पडसाद येथवर फारसे पोहोचत नसत. तेव्हा परतूरकरांनी गोखल्यांची आठवण काढावी ती कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर आपल्या शाळांच्या हजेरीपटात आहे. दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातील कितीतरी वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या भरू लागतात आणि वर्गातले बाक ओस पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक कोयता धरला जातो. आणि उचल फिटेपर्यंत माघारी येण्याचा विचार करायचा नसतो. आपले मूल सातवीतून गेले ते परत का आले नाही, हे येथल्या शिक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हीच रीत समुद्रापलीकडे कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालत होती. तिला गिरमिट म्हणत. इंग्रजीतल्या कराराच्या शब्दाचा तो खेडुतांच्या जिभेवर झालेला अपभ्रंश होय. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर साखरेच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून मॉरिशसला, पुढे गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी या वसाहतींना हिंदुस्थानातून मजुरांची जहाजे जाऊ लागली. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत मजुरांचे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी लागले, आणि पुढील पन्नास वर्षांत दीड लाखांवर माणसे तेथे नेली गेली.

या माणसांना लिहिता येत नव्हते. करारावर त्यांचा अंगठा होता, मतदानपेटीवर नव्हता. त्यांच्यावर काय गुदरते ते मायदेशी कोणी सांगितले तरच कळणार, आणि सांगायचे तर वर्तमानपत्राखेरीज साधन नव्हते. ही बातमी कशी येत असे, वाटेत तिचे काय होत असे, आणि ती बिघडली म्हणजे कोणाला काय भोगावे लागे, याची सर्वांत बोलकी कथा गोखल्यांच्या चरित्रात सापडते. बातमीने त्यांना एकदा धुळीला मिळविले होते. पुढे सोळा वर्षांनी बातमीच्याच बळावर त्यांनी एका सरकारला नमविण्यास हातभार लावला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावचा. वडील कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला धाडीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. कारकुनी पगारावर भावंडांना शिकविणारे कितीतरी गृहस्थ आजही आपल्या आसपास आहेत. त्यांची नावे कोठे छापून येत नाहीत, गोविंदरावांचे नाव भावाच्या थोरवीमुळे राहिले इतकेच. १८८४ साली गोखले पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होणे म्हणजे वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकविण्याचे व्रत घेणे होते. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, गरज पडली तेव्हा इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभर चालले आणि त्याच्या उत्पन्नाने त्यांच्या संसाराला दीर्घकाळ आधार दिला. आकडा बरोबर आल्याखेरीज पुढे जायचे नाही, ही अंकगणिताच्या मास्तराची खोड त्यांच्या राजकारणातही शेवटपर्यंत टिकली.

पत्रकारितेत त्यांना आणले ते आगरकरांनी. टिळकांशी मतभेद होऊन 'केसरी'तून बाहेर पडल्यावर आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. पत्र निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी होते. मराठी बाजू आगरकरांची, तर इंग्रजी बाजूची जबाबदारी बावीस वर्षांच्या गोखल्यांवर. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांची दुसरी शाळा सुरू झाली होती. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना रानडे त्यांना सरकारी अहवालांचे ढीग वाचायला लावीत, टिपणे काढायला लावीत आणि चुकलेले पुन्हा लिहायला लावीत. आगरकरांकडून त्यांनी निर्भयता घेतली आणि रानड्यांकडून पुरावा गोळा करण्याची शिस्त, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्या दोन्ही गोष्टींचा एकाच वेळी कस लागला तेव्हा पहिली पुरी पडली नाही, आणि दुसरीचा तर ऐन वेळी विसरच पडला. तो प्रसंग १८९७ सालचा. परंतु त्याआधी एक वर्ष मागे जावे लागेल.

१८९६ च्या ऑक्टोबरात नाताळहून आलेला सत्तावीस वर्षांचा एक बॅरिस्टर पुण्यात उतरला. मोहनदास गांधी हे नाव तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी हिंदुस्थानात मांडावीत म्हणून तो गावोगाव हिंडत होता. तो टिळकांना भेटला, भांडारकरांना भेटला आणि फर्ग्युसन कॉलेजात जाऊन गोखल्यांनाही भेटला. गोखल्यांनी त्याची कसून चौकशी केली, कोणाला भेटावे हे सांगितले, आणि दोघांचा जो स्नेह जुळला तो शेवटपर्यंत. त्याआधी राजकोटला बसून गांधींनी एक पुस्तिका लिहिली होती. तिचे वेष्टन हिरवे होते म्हणून ती हिरवी पुस्तिका याच नावाने प्रसिद्ध झाली. दहा हजार प्रती छापल्या, आळीतली मुले जमवून त्या वेष्टनात घालवून घेतल्या आणि देशभरच्या वर्तमानपत्रांना धाडल्या. अलाहाबादच्या 'पायोनियर'ने तिच्यावर लिहिले. त्या लिखाणाचा सारांश रॉयटरने लंडनला तारेने कळविला, आणि लंडनहून त्या सारांशाचा आणखी सारांश नाताळला गेला. तारेचा दर शब्दावर. म्हणून शब्द जितके कमी तितके बरे. मूळ पुस्तिका संयमाने लिहिलेली होती. नाताळात पोहोचलेल्या तीन-चार ओळींवरून मात्र असे दिसत होते की, गांधी नावाच्या माणसाने हिंदुस्थानभर फिरून तेथील गोऱ्यांना लुटारू आणि मारकुटे ठरविले आहे.

परिणाम काय झाला हे सर्वज्ञात आहे. गांधी ज्या आगबोटीने परतले ती आणि तिच्याबरोबरची दुसरी बोट डर्बनच्या बंदराबाहेर तीन आठवड्यांहून अधिक काळ थांबवून ठेवण्यात आली. कारण दाखविले गेले ते मुंबईतील प्लेगचे. खरे कारण त्या चार ओळी. १३ जानेवारी १८९७ रोजी ते किनाऱ्यावर उतरले तेव्हा जमावाने त्यांना दगडांनी आणि लाथांनी तुडविले. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी छत्री उघडून मध्ये पडल्या म्हणून ते वाचले. त्यानंतर एका वार्ताहराला त्यांनी दाखवून दिले की, हिंदुस्थानात आपण जे बोललो त्यातला एकही शब्द नाताळात आधी बोललो नव्हतो असे नाही. हे त्यांना दाखविता आले, कारण फिरोजशहा मेहतांच्या आग्रहामुळे मुंबईतले भाषण लिहून काढलेले होते. पुढचीही लिहूनच केलेली होती, आणि सर्वांच्या प्रती त्यांच्यापाशी होत्या. कागद हाताशी होता म्हणून माणूस निर्दोष ठरला.

आता गोखल्यांचा प्रसंग. त्याच १८९७ च्या वसंतात वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. दादाभाई, वाच्छा, सुरेंद्रनाथ, सुब्रह्मण्य अय्यर हे अन्य साक्षीदार. त्यांत गोखले वयाने सर्वांत लहान, जेमतेम तिशीचे. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात मुंबईचाच प्लेग येऊन पोहोचला होता. रँडच्या हाताखालचे सोल्जर घरोघर शिरून तपासणी करीत होते आणि लोक संतापाने पेटले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे लंडनला येत. त्यांत सोल्जरांनी स्त्रियांची अब्रू घेतल्याचा आणि त्यांतल्या एकीने जीव दिल्याचा मजकूर होता. गोखल्यांनी ती हकीकत पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे मांडली आणि 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये ती त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध झाली. परक्या देशात एकट्याने राहणारा माणूस, घरून आलेली हृदयद्रावक पत्रे, आणि ऐकून घ्यायला तयार असलेले एक मोठे वर्तमानपत्र! त्यांच्या जागी आपण असतो तर थांबलो असतो असे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस विरळाच.

विलायतेत गदारोळ उठला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला. पुण्यातील प्रतिष्ठितांकडे विचारणा झाली, तेव्हा कोणी पुढे येऊन साक्ष देण्यास तयार झाला नाही. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती. जुलै संपता संपता टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. अशा वातावरणात कोणाची छाती होणार? ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे सांगितली असती तर गोखल्यांवरचे बालंट टळते ना; पण ती सांगणे त्यांना विश्वासघात वाटला. मुंबईला उतरताच पुराव्याची मागणी झाली आणि हाती दाखविण्याजोगे काहीच नव्हते. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी गव्हर्नरांची, प्लेग समितीची आणि सोल्जरांची बिनशर्त माफी मागितली आणि ती वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केली.

या माफीने पुणे त्यांच्यावर उलटले. टिळक तुरुंगात गेले आणि गोखल्यांनी माफी मागितली, अशी तुलना जो तो करू लागला. त्या वर्षअखेरच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांचा उपहास झाला. सोल्जरांच्या वर्तनाविषयी लोकांत जो क्षोभ होता तो निराधार होता असे आज कोणी म्हणणार नाही. तथापि गोखल्यांनी केलेले विशिष्ट विधान त्यांना सिद्ध करता येत नव्हते, आणि सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले पाहिजे, एवढाच त्यांचा विचार होता. तो भित्रेपणा होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. माफी मागितल्यावर ते पुण्यातच राहिले, टोमणे ऐकत राहिले आणि पुढच्या वर्षी प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून फिरले. मात्र माफीची भाषा इतकी सपशेल असण्याची आवश्यकता नव्हती, हा त्यांच्या काही मित्रांचाही आक्षेप रास्त म्हटला पाहिजे.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळ, दोन वर्षांनी कलकत्त्याचे मध्यवर्ती कायदेमंडळ, १९०२ मध्ये कॉलेजातून निवृत्ती आणि त्याच वर्षी अर्थसंकल्पावरचे गाजलेले पहिले भाषण, १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना आणि बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद. हे सारे अन्यत्र विस्ताराने वाचावयास मिळते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या काळात दक्षिण आफ्रिकेतही एक वर्तमानपत्र निघाले होते. जून १९०३ मध्ये डर्बनहून 'इंडियन ओपिनियन' सुरू झाले. छापखाना मदनजित व्यावहारिक यांचा, पहिले संपादक मनसुखलाल नाझर, आणि खर्चाचा भार गांधींच्या वकिलीवर. इंग्रजी, गुजराती, हिंदी व तमिळ अशा चार भाषांतून ते निघे. मळ्यावरचा तमिळ मजूर आणि डर्बनचा मेमण व्यापारी प्रथमच एका कागदावर आले. पुढे हिंदी आणि तमिळ स्तंभ काही वर्षांत बंद करावे लागले, ही खेदाची गोष्ट. कारण ज्यांच्यासाठी ते होते त्यांची गाऱ्हाणीच सर्वांत मोठी होती.

त्या गाऱ्हाण्यांतले पहिले म्हणजे ३ पौंडांचा कर. पाच वर्षांचा करार संपल्यावर मजुराने परत जावे किंवा पुन्हा करार करावा. स्वतंत्रपणे राहायचे तर वर्षाला ३ पौंड भरावे, असा कायदा १८९५ मध्ये झाला. मूळ मागणी तर २५ पौंडांची होती. व्हाइसरॉयने ती ३ वर आणली. करारातल्या मजुराला पहिल्या वर्षी महिन्याला १० शिलिंग मिळत. पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे कर साठ शिलिंग झाला, सहा महिन्यांची मजुरी. तोही घरातल्या एकट्या कर्त्या पुरुषावर नाही. सोळा वर्षांवरील मुलगा, तेरा वर्षांवरील मुलगी, बायको, सर्वांवर तो वेगवेगळा. चौघांच्या घराला वर्षाला १२ पौंड. अंकगणिताच्या मास्तराला हा हिशेब करून दाखविण्यास फळ्याचीही गरज नव्हती.

१९१० चा फेब्रुवारी महिना गोखल्यांच्या चरित्रात विचित्र आहे. त्या महिन्याच्या ८ तारखेला वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा प्रेस कायदा कायदेमंडळात मंजूर झाला. गोखल्यांनी त्याची मुदत तीनच वर्षे असावी असा प्रयत्न केला. तो फसला, तरी त्या काळच्या राजकीय हत्यांचे कारण देऊन त्यांनी कायद्याला नाइलाजाने संमती दिली. पंडित मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोधात मत दिले. स्वतः संपादक राहिलेल्या माणसाने असे करावे हे दुःखद आहे, आणि त्या कायद्याखाली पुढे किती पत्रे जामिनापायी बंद पडली हे पाहता त्याचे समर्थन करणे कठीण आहे. आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्याच सभागृहात त्यांनी नाताळकडील मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. त्या ठरावामागे वर्षांचे वाचन होते. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि सर्वच वसाहतींची गिरमिट पद्धत बंद करावी असा ठराव आणला. भरतीच्या वेळी खेडुतांना कसे फसविले जाते, शंभर पुरुषांमागे चाळीसच स्त्रिया नेण्याच्या नियमाने वस्तीत काय अनर्थ होतो, मळ्यांवर आत्महत्या किती होतात, हे त्यांनी सरकारी अहवालांतूनच वाचून दाखविले. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव पडला. मात्र त्यातला एक आकडाही खोटा ठरविता आला नाही.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाऊनला उतरले. हिंदुस्थानातला एवढ्या मानाचा पुढारी दक्षिण आफ्रिकेत प्रथमच येत होता. सरकारने आगगाडीचा खास डबा दिला आणि नगराध्यक्षांनी सभांचे अध्यक्षपद घेतले. गांधी सर्व प्रवासभर त्यांचे चिटणीस, दुभाषी आणि सेवक होते. जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी रानड्यांनी दिलेला उपरण्यासारखा एक पट्टा गोखल्यांना घालायचा होता. त्याला इस्त्री करू देण्यापूर्वी तो बिघडणार नाही ना याची त्यांनी वकील महाशयांकडून हमी घेतली. टॉल्स्टॉय फार्मवर जाताना दीड मैल पायी चालावे लागले, पाऊस लागला आणि मधुमेहाने आधीच खंगलेल्या त्या देहाला सर्दीने गाठले.

या दौऱ्यातला एक प्रसंग मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. गोखल्यांनी तेथे मराठीत बोलावे असा गांधींनी आग्रह धरला आणि हिंदुस्थानी भाषांतर करण्याचे काम स्वतःकडे घेतले. गांधींच्या मराठीची गोखल्यांना गंमत वाटली, पण ते मराठीत बोलले. कोतळूकला जन्मलेला माणूस हजारो मैलांवर, कोकण किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांशी, त्यांच्या आईच्या भाषेत बोलत होता! आफ्रिकेत आपले कोणी ऐकत नाही असे ज्यांना वर्षानुवर्षे वाटत आले होते, त्यांच्या दृष्टीने त्या भाषणाचे मोल कायदेमंडळातल्या दहा भाषणांहून अधिक असले पाहिजे.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांची भेट ठरली. गांधींनी सर्व प्रश्नाचे लेखी टिपण करून दिले. गोखल्यांनी ते पाठ केले, शंका विचारल्या, उलटतपासणीची तालीम केली. भेटीहून परतले ते प्रसन्न मुद्रेने. ३ पौंडांचा कर जाणार, वर्षभरात सारे मार्गी लागणार, आणि गांधींनी हिंदुस्थानात परतण्याची तयारी ठेवावी, असे त्यांनी सांगितले. गांधींना एवढा विश्वास वाटला नाही. आणि येथे वाचकाला हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. कागदाअभावी पंधरा वर्षांपूर्वी जो माणूस पोळला होता, त्याने मंत्र्यांचे आश्वासन लेखी घेतले नव्हते. सभ्य माणसाला दुसऱ्याचे सभ्यपण गृहीत धरण्याची सवय असते. गोखल्यांना ती फार होती.

१९१३ मध्ये स्मट्सने जाहीर केले की, नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्याने कर रद्द करता येत नाही. आणि तसे वचन दिलेच नव्हते अशी भूमिका घेतली. गोखल्यांच्या शब्दाला पुन्हा आव्हान मिळाले. या वेळी ते मागे हटले नाहीत. वचन मिळाले होते हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि गांधींनी गोखल्यांच्या शब्दाचा भंग हा सत्याग्रहाचा विषय केला. सैन्य किती, असे गोखल्यांनी पत्रातून विचारले तेव्हा गांधींनी जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट आणि कमीत कमी सोळा असा आकडा कळविला होता. सप्टेंबरात कस्तुरबांसह पहिली तुकडी तुरुंगात गेली. टॉल्स्टॉय फार्मवरच्या स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसाखाणींवर गेल्या आणि खाणीच्या मजुरांनी काम टाकले. नोव्हेंबरच्या आरंभी ट्रान्सवालची सीमा ओलांडायला निघालेल्या तांड्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. गांधी पकडले गेले. संप साखरेच्या मळ्यांवर पसरला. मजुरांना फटके बसले, काही ठिकाणी गोळीबार झाला, खाणींच्या आवारांचेच तुरुंग करण्यात आले.

आणि हे सारे रोज हिंदुस्थानात कळत होते. फिनिक्सच्या वसाहतीत 'इंडियन ओपिनियन'ची इंग्रजी बाजू सांभाळणारे अल्बर्ट वेस्ट नावाचे इंग्रज गृहस्थ होते. ते सत्याग्रहात उतरले नव्हते. त्यांच्याकडे काम होते ते गोखल्यांना तारा करण्याचे. या तारा चार ओळींच्या नव्हत्या. ती लांबलचक पत्रेच असत. कोठे किती पकडले, किती शिक्षा, कोणाला फटके, सारे तपशीलवार. गोखले अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपविले नाही. प्रत्येक तार स्वतः वाचायची, तिचा मजकूर देशभरच्या वर्तमानपत्रांना पोहोचता करायचा, निधीसाठी आवाहने काढायची आणि शक्य झाले तेव्हा उठून दौराही करायचा. १८९६ मध्ये तारेने सारांशाचा सारांश करून अनर्थ घडविला होता. १९१३ मध्ये त्याच तारेला शब्दांची काटकसर करू दिली गेली नाही. निधी देणाऱ्यांत रतन टाटांसारखे धनिक होते तसेच विद्यार्थी आणि कारकूनही होते. देशात असा क्षोभ उसळला की, नोव्हेंबरात मद्रासला बोलताना खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती व्यक्त केली. ब्रिटिश साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने त्याच साम्राज्यातील दुसऱ्या सरकारला जाहीरपणे दोष द्यावा, हे अपूर्व होते.

तारांचे महत्त्व दक्षिण आफ्रिकेच्या सरकारलाही कळले असावे. कारण वेस्टना पकडण्यात आले. ती बातमी येताच गोखल्यांनी अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे धाडले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला तेव्हा त्यावर बहिष्कार घालू नये असे गोखल्यांचे मत होते. गांधींची प्रतिज्ञा आड आली. गोखले नाराज झाले, तरी त्यांनी पाठिंबा काढून घेतला नाही. जून १९१४ च्या कायद्याने ३ पौंडांचा कर रद्द झाला आणि हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. मंत्र्यांचे जे वचन कागदावर नव्हते ते दीड वर्षाने, हजारोंच्या तुरुंगवासानंतर, कायद्याच्या पुस्तकात उतरले.

गांधी जानेवारी १९१५ मध्ये मुंबईला पोहोचले आणि पुण्यास आले. त्यांच्यासाठी भारत सेवक समाजात जो लहानसा समारंभ ठेवला होता तेथे येतानाच गोखल्यांना घेरी आली. त्यांनी गांधींना एक अट घातली. एक वर्ष देशभर हिंडावे, पाहावे, ऐकावे, आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. महिनाभरानंतर, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले गेले. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते.

ती अट त्यांनी पाळली. १९१७ साली ते निळीच्या मळ्यांची चौकशी करण्यास चंपारण्यात गेले तेव्हा वर्तमानपत्रांच्या संपादकांना त्यांनी वार्ताहर न पाठविण्याची विनंती केली, आणि सहकाऱ्यांना शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घ्यायला बसविले. प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची, जो टिकणार नाही त्याची जबानी वगळायची, असा नियम होता. अशा आठ हजारांवर जबान्या जमल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, १९१२ मध्ये सभागृहात पडलेला गोखल्यांचा ठराव नसतानाही, हिंदुस्थानातून गिरमिटियांची भरती थांबली.